नंबर ठरेपर्यंत

टक्.

दुपारच्या सामसुमीत तेवढा एकच आवाज झाला. मी डोळे मिटून पडले होते, झोप लागली नव्हती. पुन्हा टक्, आणि थोड्या वेळाने आणखी एकदा. चष्म्याची डबी मिटल्याचा आवाज मला कुठेही ओळखू येईल. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून खालच्या दुकानातून तो दिवसभर वर येत असतो. पण आत्ताचा आवाज खालून आला नव्हता. मी डोळे किलकिले करून पाहिलं. कपाटापाशी नवरा पाठमोरा उभा होता. माझे तिन्ही चष्मे त्याने डब्यांत घातले होते आणि त्या डब्या तो कपड्यांच्या गठ्ठ्यामागे, अगदी आत सारत होता.

मी म्हटलं, "अरे, एक तरी राहू दे."

"काय करायचाय? एकही बरोबर नाही," तो म्हणाला आणि कपाट लावून खाली निघून गेला.

आम्ही नुकतेच दवाखान्यातून आलो होतो. माझ्या रक्तात साखर निघाली होती. थोडीथोडकी नाही, चांगली ठाण मांडून बसलेली. मधुमेह हा शब्द मी तोवर म्हाताऱ्या माणसांच्या गप्पांत ऐकलेला. कुणाचे तरी काका, कुणाच्या तरी आत्या. माझ्या मुलीच्या, ठकीच्या वेळी, ती पोटात असताना माझी साखर वाढली होती खरी, पण बाळंतपणानंतर ती गेली. गेली म्हणजे गेली, असं आम्ही सगळेच धरून चाललो. दरवर्षी तपासत राहा असं तेव्हा सांगितलेलं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. लक्षात ठेवायला घरात बाळ काय कमी होतं?

पण नवरा गप्प झाला तो साखरेमुळे नाही. तो का गप्प झाला हे समजायला आधी त्या तीन चष्म्यांचं सांगायला हवं.

आमचं चष्म्याचं दुकान. खाली दुकान, वर घर. नवरा डोळे तपासून नंबर काढतो, काचा घासतो, फ्रेमी बसवतो. त्याच्या हाताला नाव आहे. दुसरीकडे केलेला चष्मा घालून डोकं दुखतं म्हणून लोक त्याच्याकडे येतात आणि हसत परत जातात. मला लहानपणापासून दूरचं कमी दिसतं, त्यामुळे लग्न ठरताना माझ्या मैत्रिणींनी चिडवलंच होतं की हिने नवरा नाही, चष्म्याची कायमची सोय बघितली.

गेल्या वर्षी कधीतरी मला फळ्यावरची अक्षरं दिसेनाशी झाली. मी शिकवणी घेते, चौथी-पाचवीच्या मुलांची. मागच्या भिंतीला टेकून मुलांच्या नजरेने फळा बघायची माझी सवय, आणि एक दिवस माझंच अक्षर मला वाचता येईना. नवऱ्याने त्याच संध्याकाळी खुर्चीत बसवलं, काचा बदलून बदलून विचारलं, "हे बरं, की हे?" आणि दुसऱ्या दिवशी नवा चष्मा नाकावर चढवला. काय दिसलं म्हणून सांगू. समोरच्या गच्चीवरचे कपड्यांचे चिमटेसुद्धा वेगवेगळे दिसले. मी त्याला म्हटलं, तुझ्या हातात जादू आहे. तो खूश.

काही महिन्यांनी पुन्हा अंधुक. पुन्हा खुर्ची, पुन्हा "हे बरं, की हे?" दुसरा चष्मा. मग तिसरा. प्रत्येक चष्मा पहिल्या दिवशी चोख. मध्येच एखाद्या सकाळी मला त्याच चष्म्यातून गरगरायचं आणि दुपारी पुन्हा सगळं ठीक. तो म्हणायचा जागरणं कमी कर, मोबाइल लांब धर. मला तहान फार लागायची, तेव्हा सासूबाई म्हणायच्या की दिवसभर मुलांपुढे बडबडतेस, घसा कोरडा पडणारच. थकवा यायचा. सहा वर्षांची मुलगी, शिकवणी, घर. थकवा येणार नाही तर काय. प्रत्येक गोष्टीला घरातच उत्तर होतं. बाहेर जाऊन विचारायची वेळच आली नाही.

चौथ्यांदा मात्र त्याचा हात थांबला. नंबर काढून झाल्यावर तो बराच वेळ काच बोटांत धरून बसला आणि म्हणाला, "असा पळत नाही नंबर. या वयात नाही पळत." मग तो मला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांची नि त्याची ओळख जुनी, कारण अवघड गिऱ्हाइकं तो त्यांच्याकडेच पाठवतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तिन्ही चष्मे एकेक करून यंत्राखाली धरले आणि अगदी शांतपणे विचारलं, "चष्मे सुंदर केलेत हो. रक्त तपासलंत का?"

एवढंच. त्यात टोमणा नव्हता, आवाजही चढा नव्हता. पण मी नवऱ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, कुणीतरी त्याच्या पायाखालचा पाट काढून घेतला.

रक्त तपासलं, साखर सापडली. रक्तातली साखर वाढली की डोळ्याच्या आतलं भिंग फुगतं, त्याने नंबर बदलतो, हे बाईंनी मला समजावून सांगितलं. त्याला सांगायची गरज नव्हती. हे तो शिकलेला होता, पुस्तकात त्याने वाचलेलं होतं, परक्या माणसात कदाचित ओळखलंही असतं. आता गोळ्यांनी साखर उतरेल तसा नंबर उलटा फिरेल, कधी इकडे, कधी तिकडे. साखर स्थिरावल्याशिवाय नवा चष्मा करायचा नाही, असं त्यांनी बजावलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी त्या पुढच्या वेळी करणार होत्या. पडद्याला धक्का लागला असेल, तर तो कुठल्याच चष्म्याने भरून येत नाही. हेही आम्हा दोघांना माहीत होतं. त्याच दुपारी त्याने त्या डब्या कपाटात सारल्या.

मग ते दिवस सुरू झाले.

गोळ्या ठेवायला नवऱ्याने मला त्याची बारीक स्क्रू ठेवायची कप्प्याकप्प्यांची डबी धुऊन-पुसून दिली. सकाळचा कप्पा, रात्रीचा कप्पा. सासूबाईंनी साखरेचा डबा माळ्यावर टाकला आणि जाहीर केलं की आजपासून सगळ्यांचा चहा बिनसाखरेचा. पहिला घोट घेऊन त्यांनी जे तोंड केलं ते पाहून मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. मी म्हटलं, आई, तुम्ही घ्या हो साखर, तुम्हाला काय झालंय? त्या म्हणाल्या, "मला काही झालं नाही. पण मी गोड पिणार आणि तू बघत बसणार, एवढी काही मी वाईट नाही." आणि तो चहा त्यांनी औषध प्यावं तसा संपवला. संध्याकाळी जेवण झालं की त्या मला फिरायला न्यायच्या. मी मागे पडले की न बघता म्हणायच्या, "चल गं, म्हातारी मी आहे की तू?"

जेवणाचं मला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. जड गेलं ते उष्टं. ठकीने अर्धं टाकलेलं बिस्किट, बशीत उरलेला भात, चावा घेऊन ठेवलेलं केळं, ग्लासाच्या तळाचं दूध: आई झाल्यापासून माझं निम्मं खाणं त्यातच उरकायचं. त्याला मी कधी खाणं समजलेच नव्हते. आता तिने अर्धं बिस्किट पुढे केलं की माझा हात आपोआप जायचा आणि मध्येच थांबायचा. ठकीला ते विचित्र वाटायचं. एकदा तिने ते बिस्किट परत बशीत ठेवलं आणि हळूच विचारलं, "माझं उष्टं तुला आता आवडत नाही का?" मी तिला जवळ ओढलं. हे समजावून सांगायला मला त्या दिवशी पुष्कळ शब्द लागले, आणि तिला ते पटले की नाही कोण जाणे.

डोळ्यांचं तर विचारूच नका. कपाटातल्या तीन डब्यांतली मधली मी मागून घेतली, निदान रस्ता ओलांडायला. साखर उतरू लागली तसा तोही चष्मा जास्त होऊ लागला. दूरचं टोचायला लागलं आणि जवळचं हातातून निसटायला. ठकीच्या गोष्टीच्या पुस्तकातली अक्षरं मुंग्यांसारखी इकडेतिकडे व्हायची. मग ती म्हणाली, तू नुसती बस, मीच वाचते. तिला अजून नीट वाचता येत नाही. ती चित्रं बघून मनचं सांगायची आणि पान उलटताना माझ्यासारखंच बोट जिभेला लावायची.

शाळेच्या फाटकाशी मात्र माझी पुरती फजिती झाली. सुटायची वेळ, एकसारख्या गणवेशातली पोरं घोळक्याने बाहेर येत होती. मी हात हलवला, पुढे झाले आणि एका मुलीच्या पाठीवरचं दप्तर उतरवून घ्यायला लागले. ती घाबरून मागे सरकली. तेवढ्यात माझ्या पिशवीचा पट्टा कुणीतरी ओढला. "आई, मी इथे आहे." मी त्या दुसऱ्या मुलीच्या आईची माफी मागितली, ती हसली, मीही हसले. घरी येईपर्यंत ठकीने माझा हात सोडला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती फाटकातून एक हात वर धरून बाहेर यायला लागली, मला दिसावी म्हणून.

मी ते नवऱ्याला सांगितलं नाही. ठकीने सांगितलं.

तो आधीच बदलला होता. पहिल्या आठवड्यात त्याने दुकानात येईल त्याला रक्त तपासलं का विचारायला सुरुवात केली. म्हाताऱ्यांचं ठीक होतं. पण शाळकरी पोराच्या बापालाही त्याने तेच विचारलं. एक शिक्षक वैतागून म्हणाले, "अहो, मी चष्मा करायला आलोय, चौकीत जबाब द्यायला नाही." ते निघून गेले. तो प्रत्येक नंबर दोनदा, तीनदा काढायचा, आणि काढून झाल्यावरही काच घासायला घ्यायचा नाही. म्हणायचा, परवा या, पुन्हा बघू.

त्यातच सासूबाईंच्या तोंडून एक वाक्य गेलं. शेजारणीशी बोलता बोलता, नेहमीच्या थट्टेने, त्या म्हणाल्या, "आमच्याकडे जगाला चष्मे मिळतात हो, घरातल्यांचे डोळे मात्र झाकलेले." तो जिन्यात होता. त्याने ऐकलं हे त्यांना कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीच्या खुर्चीवर पांढरी चादर पडली. डोळे तपासायला आलेल्यांना तो चौकातल्या मोठ्या दुकानात पाठवू लागला. तिथे यंत्र आहे, ते चुकत नाही, म्हणायचा. स्वतः फक्त स्क्रू घट्ट करायचा, काड्या सरळ करायचा, नाकाच्या गाद्या बदलायचा. सासूबाई त्याच्या पानात भाजी वाढताना दोनदा थांबल्या, काहीतरी बोलायला म्हणून. दोन्ही वेळा भाजीच वाढून गेल्या.

पडद्याच्या तपासणीला मी सासूबाईंबरोबर गेले. औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या, उजेडात डोळे उघडवेनात. डॉक्टरीणबाई बराच वेळ आत बघत राहिल्या. मी त्यांच्या श्वासाकडे कान लावून बसले होते. शेवटी त्या म्हणाल्या की पडदा स्वच्छ आहे, आत्ता तरी. दरवर्षी यायचं, चुकवायचं नाही. मी त्या 'आत्ता तरी'ला धरूनच घरी आले. तो दारात उभा होता. मी सांगितल्यावर त्याने मान हलवली, आत जाऊन तोंड धुतलं आणि बराच वेळ नळ चालूच ठेवला.

साखर हळूहळू आटोक्यात आली. मग एक दिवस साखरेच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता स्थिर आहे, चष्मा करून घ्या. मी घरी येऊन ते सांगितलं तेव्हा नवरा एका मोडक्या फ्रेमवर वाकलेला होता. मान वर न करता म्हणाला, "चौकात जाऊन ये. मी त्यांना सांगून ठेवतो."

मी तपासणीच्या खोलीत गेले, खुर्चीवरची चादर काढली, तिची घडी घातली आणि बसले.

तो दारात आला. "ऊठ."

"तक्ता लाव."

"उगाच हट्ट करू नकोस. यंत्रावर दोन मिनिटांचं काम आहे."

"मला यंत्रावर नाही करायचा."

तो चौकटीला टेकून उभा राहिला. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. उजेड त्याच्या पाठीमागे होता आणि माझ्या नाकावर चष्मा नव्हता. नुसता आवाज आला. "याच खुर्चीत बसवलं तुला. दर वेळी तू म्हणालीस, किती छान दिसतंय. आणि मी खूश."

"छान दिसतच होतं. तुझ्या काचा चुकल्या नव्हत्या."

"तेच तर," तो म्हणाला. "चुकल्या असत्या तर बरं झालं असतं. एखादा चष्मा वाईट जमला असता, तुझं डोकं दुखलं असतं, तू भांडली असतीस, आपण पहिल्याच वेळी डॉक्टरकडे गेलो असतो. मी प्रत्येक वेळी इतका नीट जमवला, की काही बिघडलंय असं वाटूच दिलं नाही तुला. मलाही."

तो म्हणत होता ते खरंच होतं. खोटा दिलासा मला देता येईना. मी एवढंच म्हणाले, "मला फाटकातून येणारी ठकी बघायचीय. हात वर न धरता."

दिवा मालवल्याचा आवाज आला आणि तक्त्यावरचा दिवा लागला. अक्षरांचा तक्ता त्याने उलटा केला, कारण रोज पुसून पुसून तो मला पाठ झालाय. त्याच्या मागे लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी कंगव्यासारख्या खुणा आहेत. दात कुणीकडे आहेत ते हाताने दाखवायचं. ती तपासणीची जड, काळी, गोल फ्रेम त्याने माझ्या कानांवर बसवली. बोटं गार होती. काचांचा ट्रे उघडला तसं जिन्यावरून धडधडत ठकी आली. तिला हा खेळ वाटला असावा, कारण खोलीत दिवे मालवून आई-बाबा बसलेले तिने बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. ती स्टुलावर चढून बसली आणि ट्रे मांडीवर घेतला.

"हे बरं, की हे?"

मी सांगत गेले. पूर्वी मी पटापट सांगायचे, त्याला काय हवंय ते ओळखून. आता प्रत्येक काचेला थांबले. एकदा दोन्ही सारखंच वाटलं, तर सारखंच म्हणाले. एकदा म्हणाले, कळत नाही, परत दाखव. त्याने परत दाखवलं. तो काच काढायचा, ठकी हात पुढे करायची, काच जागच्या जागी जायची. खालच्या ओळीपर्यंत पोचलो तेव्हा त्याने फ्रेममधल्या काचांचे नंबर मोजले. पुन्हा मोजले.

"हा तर तुझा लग्नातला नंबर," तो म्हणाला. "जवळजवळ तोच."

म्हणजे ते तीन चष्मे माझ्या डोळ्यांचे नव्हतेच. ते साखरेचे होते. आम्हा दोघांनाही ते एकदमच कळलं. त्याने दिवा लावला. तपासणीच्या त्या बेढब फ्रेममधून मी त्याच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा कडांसकट दिसला. डोळ्यांखाली काळं, हनुवटीवर दाढी करताना राहून गेलेला एक पट्टा. मी बोट लावून त्याला तो पट्टा दाखवला. त्याने हात लावून पाहिला, आणि त्याच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला.

"काच उद्या घासतो," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "आणि त्या शिक्षकांना फोन करतो. त्यांचा नंबर काढायचा राहिलाय."

सासूबाई वरून हाक मारून विचारत होत्या की चहा टाकू का. तो ओरडून म्हणाला, टाक, सगळ्यांचा बिनसाखरेचा. ठकी अजून स्टुलावरच बसली होती, ट्रे मांडीवर धरून. ती एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. घरातलं बोलणं या दिवसांत तिने किती ऐकलं होतं आणि त्यातलं काय काय तिच्या डोक्यात राहिलं होतं, देव जाणे. तिने ट्रेमधली एक काच उचलून डोळ्यापुढे धरली आणि तिच्यातून माझ्याकडे पाहिलं.

"आई, तुला काय झालंय ते बाबांना नाही कळलं ना?"

"नाही कळलं."

"आणि तुला?"

"मलाही नाही."

तिने काच खाली घेतली.

"मग परत काही झालं, तर आपल्याला कसं कळणार?"